चूल, रॉकेल आणि आट्यांचा डबा

मागच्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन साल्हेरला गेलो होतो. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, पुढे वाघांबे, आणि मग चढ. साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. बेत चांगला चार दिवसांचा होता. साल्हेर, सालोटा, मग मुल्हेर आणि मोरा.

गंगासागर तलावाजवळच्या गुहेत सॅक टेकवल्या. भाच्याने मोठ्या कौतुकाने नवा स्टोव्ह बाहेर काढला. मुठीत मावेल एवढा. मग गॅसचा डबा काढला आणि दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली. स्टोव्हला आटे होते, डब्याला आटेच नव्हते! डबा होता लांबट, हॉटेलात टेबलावरच्या शेगडीत आडवा बसवतात तसला.

"मामा, दुकानदार म्हणाला होता, कुठल्याही स्टोव्हला चालतो."

दुकानदाराला काय दोष द्यायचा? त्याच्या लेखी गॅस म्हणजे गॅस. आणि आम्ही तरी घरी एकदा लावून कुठे बघितला होता? त्या रात्री चिवडा, गूळ आणि थंड पाणी यावर भागवलं. झोप येईना. मग डोक्यात जे फिरत राहिलं, ते आज इथे लिहून काढतोय.

आधी त्या डब्याबद्दल. डोंगरात नेण्याचे गॅसचे डबे मुख्यतः तीन घराण्यांचे. १९४९ मध्ये फ्रान्समध्ये कॅम्पिंग गॅझ नावाची कंपनी सुरू झाली. तिचे जुने डबे स्टोव्हला लावताना भोक पाडून बसवायचे, आणि मग संपेपर्यंत काढायचे नाहीत. दुसरे आट्यांचे, ज्यांच्या डोक्यावर स्टोव्ह पिळून बसवायचा. आज जगभरचे गिर्यारोहक बहुतेक हेच वापरतात. तिसरे लांबट डबे, खाचेत बसणारे. जपानच्या इवातानी कंपनीने १९६९ मध्ये घरगुती टेबल-शेगडीसाठी ते आणले आणि पुढे आशियाभर पसरले. आपल्याकडच्या बाजारात सहज मिळतात ते हेच, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचे. आत बहुतेक ब्युटेन. ते शून्याच्या जरा खाली, उणे ०.५ अंशाला उकळतं. म्हणजे सह्याद्रीत ठीक, पण हिमालयातल्या पहाटे डबा भरलेला असूनही ज्योत मरगळते. म्हणून थंडीच्या डब्यात आयसोब्युटेन (उणे ११.७) आणि प्रोपेन (उणे ४२) मिसळतात.

विमानात यातला कुठलाच डबा नेता येत नाही. लेहला जा, मनालीला जा, काठमांडूला जा, तिथे उतरायचं आणि पहिलं काम म्हणजे दुकानं पालथी घालायची.

आता आमच्या वेळचं सांगतो. १९८०च्या दशकात आम्ही कॉलेजातली पोरं सातमाळा रांगेत भटकायचो. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, असं करत चांदवडपर्यंत. सामानात घरचा पितळी स्टोव्ह असायचा. वजन किती! पण 'हा स्टोव्ह कुठल्या इंधनावर चालतो आणि ते वाटेत मिळेल का' हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. रॉकेल नाही असं गाव नव्हतं. वणीला संपलं तर वडाळीभोईला मिळे. दुकानदार नरसाळं लावून बाटली भरून द्यायचा.

हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने १८९२ च्या सुमारास तो बनवला आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर गेला. युक्ती साधी. वात नाही. पंप मारून टाकीत दाब करायचा, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, की रॉकेलची वाफ होऊन निपलमधून जोरात बाहेर येते आणि निळी ज्योत धरते. काजळी जवळजवळ नाही. तुमच्यापैकी ज्यांनी तो पेटवलाय त्यांना ती फरफर, पिन मारताना उडणारा भपका, आणि आईचं "लांब हो आधी!" हे सगळं आठवत असेल. आईची भीती उगाच नव्हती. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी तेव्हाच्या पेपरात नेहमीची होती, आणि त्यातल्या किती भडक्यांत स्टोव्हचा दोष होता हे ज्याचं त्याला ठाऊक.

पंपातला चामड्याचा वॉशर सुकला की हवा भरत नसे. मग तो काढून तेलात भिजवायचा. या चामड्याच्या वॉशरनेच दक्षिण ध्रुवावर फार मोठा घात केला. १९१२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्कॉट आणि त्याचे सोबती ध्रुवावरून परतत होते. वाटेत आधीच पुरून ठेवलेले रॉकेलचे डबे उघडले, तर तेल कमी भरलं. डब्यांच्या बुचांना चामड्याचे वॉशर होते. थंडीने ते कडक झाले आणि रॉकेल हळूहळू झिरपून, उडून गेलं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवायला आग नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. त्यातला एकही परतला नाही. मरणाला कारणं अनेक होती, पण हे त्यातलं एक. त्यांच्या आधी ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेनने आपले डबे डाख देऊन बंद करून घेतले होते.

दुसरी गोष्ट १९५२ ची. लँबर्ट आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८४०० मीटरवर एक रात्र काढली. झोपायच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून त्यांनी घोटभर पाणी मिळवलं. साल्हेरच्या गुहेत चिवडा खाताना मला तेनसिंग आठवला आणि आपल्या अडचणीची लाज वाटली. असो.

मग ते गावोगावचं रॉकेल गेलं कुठे?

ते स्वस्त होतं कारण ते रेशनचं होतं. सरकार तोटा सोसून देत होतं. भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात निळा रंग घालत. तरीही ते डिझेलमध्ये मिसळलं जायचं, कारण दोन्हींच्या भावातला फरक फार मोठा होता. आणि त्या फरकाची किंमत आपल्याच जिल्ह्याने मोजली. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ तेलाची भेसळ रोखायला गेले आणि भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. आमच्या बाटलीत नरसाळ्याने पडणारं ते स्वस्त, निळं रॉकेल आणि ही आग, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून आल्या होत्या. हे मला तेव्हा कळलं. त्याआधी मी त्या रॉकेलकडे फक्त सोय म्हणून बघत होतो.

२०१६ पासून रेशनच्या रॉकेलचे भाव टप्प्याटप्प्याने वाढवले गेले आणि २०२० पर्यंत अनुदान जवळजवळ संपलं. त्याच २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यात गॅसची जोडणी पोचली. चांगलंच झालं. फक्त पाठीवर घर घेऊन चालणाऱ्याची पंचाईत झाली. १४.२ किलोचा सिलिंडर धोडपवर कोण नेणार? पाच किलोचाही जड. त्याहून लहान टाक्या भांड्यांच्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून मिळतात, पण तसं भरणं बेकायदा आणि जिवावरचं. रेल्वेत तर नेऊच नये. कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरने आग लागली आणि नऊ माणसं गेली. बिचारे चहा-कॉफी करत होते. आम्हीही एके काळी रॉकेलची बाटली सॅकच्या तळाशी लपवून गाडीत बसायचोच की. आमचं नशीब चांगलं, एवढंच.

आपल्याकडे लांब चालणारे खरे कोण? वारकरी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि तीन-साडेतीन आठवडे चालून पंढरपूरला पोचते. त्यांना हा प्रश्न पडत नाही असं नाही, पण ते एकेकट्याने सोडवत नाहीत. दिंडीची गाडी पुढे जाते, शेगड्या मांडल्या जातात, आणि पुष्कळ ठिकाणी गावच जेवण घेऊन वाट बघत असतं. प्रत्येकाच्या पिशवीत वेगळा स्टोव्ह नसतो, त्यामुळे डबा जुळतो की नाही ही भानगडच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गपचूप वाघांब्यात उतरलो. पहिल्याच घरी विचारलं. मावशींनी काही न बोलता चुलीत दोन काटक्या सारल्या आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. कोपऱ्यात लाल सिलिंडर उभा होता. भाच्याने विचारलं, "मावशी, गॅस नाही वापरत?"

"वापरतो ना बाबा. पाव्हणे आले, घाई असली की. रोज लावला तर भरून आणायला पैसे कुठून?"

आम्ही पाव्हणे होतो, पण चहा त्यांनी चुलीवरच केला. ते मला बरं वाटलं, आणि नाहीही वाटलं. त्या काटक्यांची मोळी त्यांच्याच डोक्यावरून आली होती. आमच्या पिढीने गडावर जी लाकडं जाळली, वाळलेली आणि कधी ओलीसुद्धा, ती याच मोळीतून वजा झाली असणार. तेव्हा आम्ही त्याला कॅम्पफायर म्हणायचो.

जेवणाचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, बळेच द्यावे लागले. पुढचे दोन दिवस आम्ही स्टोव्ह सॅकमधून काढलाच नाही. खाली उतरायचं, कुणाच्या तरी घरी जेवायचं, रीतसर पैसे द्यायचे.

भाच्याने नंतर नेटवरून आट्यांचे डबे मागवले. घरी ओट्यावर लावूनही बघितले, बसतात. पण पुढच्या वेळी त्यावर फक्त चहा करायचा, असं आमचं ठरलंय.