बैरूतचा बाजार : नावे उरली, गाळे गेले

नगराचा इतिहास त्याच्या राजवाड्यांपेक्षा बाजारपेठेत अधिक खरेपणाने वाचता येतो. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील बैरूत हे याचे बोलके उदाहरण होय. अरबीत बाजाराला ‘सूक’ म्हणतात आणि दुकानाला ‘दुक्कान’. हा दुसरा शब्द फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत केव्हाच रुळला आहे.

बैरूतचे जुने सूक बंदराजवळ होते. सूक अल-तवीले म्हणजे लांब बाजार, सूक अल-जमील म्हणजे सुंदर बाजार. कापडवाले, सराफ, भाजीवाले तेथे आपापल्या गल्ल्यांतून बसत. मुसलमान व ख्रिस्ती, शहरातले व डोंगरातले, सर्वांना एकमेकांची ओळख याच गर्दीत होई.

1975 साली यादवी युद्ध पेटले. शहर दुभंगले आणि हा मध्यभाग दोन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडला. 1990 मध्ये युद्ध थांबले तेव्हा बाजाराचे भग्नावशेषच उरले होते. पुढे 1991 च्या कायद्याच्या आधारे 1994 साली सॉलिदेर ही कंपनी स्थापन झाली. मूळ मालक व भाडेकरू यांच्या हक्कांचे रूपांतर कंपनीच्या भागांत करण्यात आले. एकेका जागेवर अनेकांचे हक्क असताना पुनर्रचना अन्यथा अशक्य, असा कंपनीच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. आणि तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु युद्धातून वाचलेल्या पुष्कळ इमारतीही या पुनर्रचनेत भुईसपाट झाल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभीची इब्न इराक यांची लहानशी झाविया तेवढी त्या जागी जुन्या काळाची साक्ष देत उभी राहिली.

2009 साली ‘बैरूत सूक’ या नावाने नवा मॉल उघडला. स्पॅनिश वास्तुशिल्पी राफाएल मोनेओ यांनी जुन्या गल्ल्यांच्या रेषा सांभाळल्या. नावेही तीच ठेवण्यात आली. मात्र दुकानांवर पाट्या झळकल्या त्या मुख्यतः जगभर सर्वत्र दिसणाऱ्या महागड्या नाममुद्रांच्या. त्याआधी, 2004 पासून, ‘सूक अल-तय्यब’ या आठवडी बाजारात शेतकरी आपला माल स्वतः विकू लागले होते. तो बाजारही काही वर्षे याच आवारात भरत असे. पुढे 2019 च्या आर्थिक अरिष्टाने गिऱ्हाईक आटले आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी बंदरातील स्फोटाने या नव्या वास्तूलाही तडाखा दिला.

परदेशी माल हे काही दूषण नव्हे. बंदरालगतच्या जुन्या सुकांतही तो येतच असे. भेद आहे तो हक्काचा. जुन्या दुकानदाराला बाजारात बसण्याची जागा होती. नव्या व्यवस्थेत त्याच्या हाती कागद आला. बदलीच्या गावी आपण प्रथम बाजार गाठतो, भाव करता करता तेथली बोली शिकतो. वास्तुशिल्पी गल्ली पुन्हा आखू शकतो; तिच्यातला हा व्यवहार मात्र गाळ्यावर हक्काने बसणाऱ्या माणसाबरोबरच येतो आणि त्याच्याबरोबरच जातो.