सांध्यावर उभें राहणारें घर

मुंबईंत काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलाची जुनी इमारत आहे. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडांत घडवून, सुटा सुटा जहाजानें येथें आणला गेला आणि १८६७ ते १८६९ या काळांत जागेवर जोडण्यांत आला. दीडशें वर्षांपूर्वीं जें मुंबईंत साधलें, तें आज घरोघर कां दिसत नाहीं?

पहिलें उत्तर पैशाचें आहे. विटा व गवंडी आणून चार भिंती उभारणारास मोठें भांडवल आधीं गुंतवावें लागत नाहीं. काम थांबलें तर गवंडी दुसरीकडे जातो. कारखान्याचें तसें नव्हे. साचे, यंत्रें व याऱ्या यांचा खर्च आधीं होतो, आणि तो भरून येण्यास एकसारख्या घरांची मागणी वर्षानुवर्षें टिकावी लागते. मागणी तुटली कीं साचे धूळ खात पडतात.

दुसरें उत्तर अनुभवाचें आहे. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांसाठीं घरें तातडीनें हवीं होतीं. सरकारनें दिल्लींत जंगपुरा येथें घरांचा कारखाना काढला. गृहनिर्माण खात्याचे संचालक ओटो कोएनिग्सबर्गर या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाचा त्यांत पुढाकार होता. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या फळ्या ओतून घरें जोडावयाचीं असा बेत होता. पण फळ्यांना तडे जाऊं लागले आणि योजना बारगळली. परकी पद्धति आपल्या हवेंत व आपल्या कामगारांच्या हातीं पारखून घेण्यास सवड हवी होती. ती निकडीनें दिली नाहीं, असें मला वाटतें.

तिसरें उत्तर सर्वांत कठीण आहे. १६ मे १९६८ रोजीं पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतींत, १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंतींच्या फळ्या निसटतांच वरचे मजले कोसळले आणि त्यांच्या भारानें इमारतीचा एक कोपरा तळापर्यंत ढासळला. चार माणसें दगावलीं. १९८६ सालीं ती इमारत उतरवितांना कित्येक सांधे नीट भरलेलेच नव्हते, असें आढळलें. फळी कारखान्यांत तपासली जाते; सांधा मात्र जागेवर, वाऱ्यापावसांत भरला जातो, आणि एकदां झांकला गेला कीं कोणास दिसत नाहीं.

शाळेंत असतां मी मुलांच्या वह्या शिवून देत असें. कागद कितीही उत्तम असला, तरी दोरा कच्चा असेल तर वही सुटते. घराचेंही तसेंच आहे. म्हणून कारखान्याच्या आधीं सांधा भरणारा आणि तो तपासणारा माणूस तयार केला पाहिजे. सामान्य गृहस्थ घरांत जन्माची पुंजी घालतो. न दिसणाऱ्या सांध्यावर विश्वास टाकण्यास तो कचरतो, याला अज्ञान म्हणूं नये. तें शहाणपण आहे.