बाणाच्या टप्प्यात मोजलेले अंतर : जुन्या इंग्रजीतील काही शब्द

‘पॉइंट ब्लँक रेंजवरून गोळ्या झाडल्या’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांत आता चांगलेच रुळले आहे. ‘अगदी जवळून’ एवढाच अर्थ वाचक त्यातून घेतो. मात्र यातील ‘ब्लँक’ म्हणजे रिकामे नव्हे, तर पांढरे. लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या पांढऱ्या ठिपक्याला इंग्लंडमध्ये हे नाव होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफा-बंदुकांच्या परिभाषेत हा शब्दप्रयोग रूढ झाला. नेम वर न उचलता जितक्या अंतरावरचे लक्ष्य सरळ टिपता येते, तितके ते अंतर. शस्त्र बदलले की हे अंतरही बदले. त्यात जवळिकीचा अर्थ पुढे शिरला.

अंतर मोजण्याची भाषा आणि धनुर्विद्येची भाषा यांची अशी सरमिसळ इंग्रजीत फार जुनी आहे. काही शब्द हाताच्या मापाचे आहेत. मूठ वळून अंगठा ताठ उभा केला, की तळव्याच्या खालच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत साधारण सहा-सात इंच भरतात. या मापाला धनुर्धारी ‘फिस्टमील’ म्हणतात. प्रत्यंचा चढविल्यावर ती धनुष्याच्या मुठीपासून किती दूर असावी, हे या मापाने तपासले जाई. या शब्दातील ‘मील’चा अर्थ माप, आणि जेवणाला इंग्रजीत जो ‘मील’ म्हणतात त्याचे मूळही तेच; ठरलेल्या वेळेचे ते जेवण. ‘शाफ्टमेंट’ हे याच घराण्यातील सुमारे सहा इंचांचे माप. अँग्लो-सॅक्सन काळातील त्याच्या मूळ रूपात दांडा आणि हात असे दोन शब्द एकत्र आले आहेत. आपल्याकडील मूठ आणि वीत ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही मापे परकी वाटू नयेत.

लांबचे अंतर मात्र हाताने मोजता येत नाही. तेथे ‘बो-शॉट’, म्हणजे बाणाचा टप्पा, उपयोगी पडे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाचा मृत्यू पाहवणार नाही म्हणून हागार त्याच्यापासून जितकी दूर जाऊन बसते, ते अंतर याच शब्दाने सांगितले आहे. हलका, लांब पल्ल्याचा बाण जेथवर जाई, तो ‘फ्लाइट-शॉट’. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘धनु’ हे चार हातांचे माप येते. तेथे धनुष्याची लांबी हे परिमाण आहे, तर इंग्लंडमध्ये बाणाची झेप. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

झेपेवरून केलेले माप ढोबळच असणार. म्हणून सरावाच्या मैदानात अंतर ‘स्कोअर’मध्ये, म्हणजे विसाच्या हिशेबात सांगत. ‘बारा स्कोअर’ म्हणजे २४० यार्ड. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या दुसऱ्या भागात न्यायाधीश शॅलो आपल्या एका दिवंगत परिचिताची आठवण काढतो, ती याच भाषेत. हा परिचित बारा स्कोअरवरून ‘क्लाउट’मध्ये बाण रोवत असे. क्लाउट म्हणजे मुळात कापडाचा तुकडा. निशाणासाठी ठेवलेल्या कापडावरून लक्ष्यालाच ते नाव पडले. नाटकातील बुजुर्गाच्या बढाईला किती वजन द्यायचे, हा प्रश्न वेगळा.

कायद्याने मात्र हे अंतर गंभीरपणे घेतले होते. आठव्या हेन्रीच्या काळातील १५४१च्या कायद्यानुसार सात ते सतरा वर्षे वयाच्या मुलासाठी घरात एक धनुष्य व दोन बाण ठेवणे बंधनकारक होते. चोवीस वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या पुरुषाने सरावाच्या बाणांनी अकरा स्कोअरपेक्षा, म्हणजे २२० यार्डांपेक्षा जवळच्या लक्ष्यावर बाण मारल्यास त्याला दंड होई. २२० यार्ड म्हणजे नेमका एक फर्लांग. फर्लांग या शब्दाचा अर्थ नांगराच्या तासाची लांबी. त्यात साडेपाच यार्डांचे चाळीस ‘रॉड’ बसतात, आणि १५९३च्या कायद्याने मैल आठ फर्लांगांचा ठरला. दशमान पद्धत येण्यापूर्वी ‘फर्लांगभर चालणे’ आपल्याकडील मराठीतही बोलले जाई. बैलांनी नांगरलेल्या तासाची लांबी आणि प्रौढ धनुर्धाऱ्याचे किमान अंतर एकच निघावे, ही गोष्ट सूचक आहे. आजच्या ऑलिंपिक स्पर्धेत लक्ष्य ७० मीटरांवर असते. कायद्यातील अंतर त्याच्या जवळजवळ तिप्पट.

इतक्या लांब बाण मारायचा तर मोकळी जमीन हवी, आणि खरा संघर्ष तेथेच होता. लंडनच्या उत्तरेकडील इस्लिंग्टन, हॉक्स्टन व शोरडिच या गावांच्या परिसरात सामायिक शेतांना कुंपणे घालून चर खणले जाऊ लागले. तरुणांना बाण मारायला आणि वृद्धांना फिरायला जागा उरली नाही. १५१४च्या सुमारास शहरातील लोक फावडी-कुदळी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी कुंपणे उखडली, चर बुजवले. एडवर्ड हॉल या इतिवृत्तकाराने ही हकीकत नोंदविली आहे. विदूषकाच्या वेशातील एकाने फावड्या-कुदळींची हाक देत लोकांना गोळा केले, असे तो सांगतो. एकीकडे राजाज्ञेने सरावाची सक्ती आणि दुसरीकडे सरावाची जमीनच कुंपणाआड, अशी ही कोंडी होती.

याच भागातील फिन्सबरीच्या शेतांत ‘रोव्हर’ हा प्रकार चाले. रोव्हर म्हणजे शेतात विखुरलेली, वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये. एकावर नेम साधायचा, चालत तेथवर जायचे आणि तेथून पुढचे निवडायचे. प्रत्येक वेळी अंतर नजरेनेच जोखावे लागे, त्यामुळे युद्धाच्या तयारीला हा प्रकार सर्वांत उपयुक्त. म्हणूनच चोवीस वर्षांखालील तरुणांनी एकाच स्थिर लक्ष्यावर बाण मारत बसू नये, असे १५४१च्या कायद्यात होते. या लक्ष्यांना नावे होती आणि त्यांच्यातील अंतरांच्या छापील पुस्तिकाही निघत. १६२८ सालची अशी एक पुस्तिका प्रसिद्ध आहे.

याउलट ‘बट’ म्हणजे मातीचा रचलेला स्थिर उंचवटा, ज्यावर लक्ष्य टांगले जाई. चेष्टेचा विषय झालेल्या माणसालाही इंग्रजीत ‘बट’ म्हणतात, ते त्यावरूनच; सगळे बाण त्याच्यावर. सामन्यातील शेवटच्या बाणाला ‘अपशॉट’ म्हणत. आज हा शब्द ‘निष्पत्ती’ या अर्थाने वापरणाऱ्या कितीजणांना बाण आठवत असेल?

एका रूढ समजुतीबद्दल मात्र सावध राहायला हवे. इंग्लिश धनुर्धाऱ्यांचे बाण ‘क्लॉथयार्ड’, म्हणजे कापड मोजण्याच्या यार्डाएवढे लांब असत, असे जुन्या गाथांपासून कादंबऱ्यांपर्यंत सर्वत्र आढळते, आणि हा यार्ड ३७ इंचांचा होता असेही सांगितले जाते. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील साहित्यात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. त्या बाणांची लांबी बहुतांशी ३० इंचांच्या आसपास आहे.