नकाशातला कोळीवाडा

बांद्रा रिक्लेमेशन, बॅकबे रिक्लेमेशन ही नावं आपण रोज ऐकतो. 'रिक्लेम' म्हणजे परत मिळवणं, म्हणजे ही जमीन मुळात आपलीच होती आणि समुद्राने ती बळकावली होती असं वाटावं. मराठीतला शब्द जास्त प्रामाणिक आहे : भराव. पाण्यात दगडमाती टाकली आणि जमीन केली, एवढंच तो सांगतो. पण सरकारी कागदांवर इंग्रजी शब्द चालला आणि त्या उथळ पाण्यात होड्या लावणारे, जाळी टाकणारे कोळी त्या शब्दात कुठेच बसले नाहीत.

शहराचं नियोजन जेसीबीने सुरू होत नाही, ते शब्दाने सुरू होतं. आधी जागेला नाव पडतं, मग त्या नावाप्रमाणे तिथल्या माणसांचं काय करायचं ते ठरतं. मुंबईत हे सव्वाशे वर्षं चालू आहे.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दोनच वर्षांत, १८९८ मध्ये, कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' उभा राहिला. इम्प्रूव्हमेंट म्हणजे सुधारणा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. दाट वस्ती आणि कोंदट हवा हेच रोगाचं मूळ मानलं जाई. म्हणून समुद्राची हवा शहरात खेळावी यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्त्या फोडून काढले. दादर-माटुंग्याच्या देखण्या, झाडांनी भरलेल्या वसाहती हीसुद्धा याच ट्रस्टची देणगी. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली गरीब माणसं शेजारच्या, आधीच गच्च भरलेल्या चाळींमध्ये शिरली. कागदावर ही सुधारणाच होती, कारण मोजमाप जागेचं होतं, माणसांचं नव्हतं.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण त्याची भाषा टिकली. १९७१ च्या राज्याच्या कायद्याचं नाव बघा : महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम. निर्मूलन हा शब्द आपण देवीसाठी वापरतो, हिवतापासाठी वापरतो. इथे तो वस्तीसाठी आला. अपुऱ्या सोयी, अस्वच्छता, दाटी यांमुळे आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोकादायक ठरणारा भाग झोपडपट्टी म्हणून घोषित करता येतो, असं हा कायदा सांगतो. प्लेगच्या काळातला डॉक्टरी चष्मा अजून उतरलेला नाही.

याच चष्म्यातून कोळीवाडा बघा. घराला घर लागलेलं, गल्ली एवढी अरुंद की समोरून टोपली घेऊन कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. मुलांची लग्नं झाली तशा खोल्या वाढल्या. वरून घेतलेल्या फोटोत झोपडपट्टी आणि कोळीवाडा यांतला फरक दिसत नाही. किनाऱ्यावर बांबू रोवून बोंबील वाळवायची जागा फोटोत नुसती मोकळी दिसते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. फॉर्मवरच्या यादीत जो पर्याय नसतो, तो पुढे डेटाबेसमध्येही नसतो. जमिनीच्या वापराच्या यादीत 'मासळी वाळवण्याची जागा' हा पर्याय नसेल, तर सर्वेक्षण करणारा कितीही प्रामाणिक असो, तो 'रिकामी जागा' असंच लिहील. आणि रिकाम्या जागेवर आरक्षण टाकायला कोणाची परवानगी लागत नाही.

धारावीचंच घ्या. १९०९ च्या मुंबईच्या गॅझेटियरमध्ये धारावीची नोंद शहरातल्या सहा मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक अशी आहे. नंतर खाडी भरत गेली, चामड्याचे कारखाने आले, कुंभार आले, देशभरातून माणसं आली. आज धारावी म्हटलं की झोपडपट्टी हाच शब्द येतो. २००४ मध्ये पुनर्विकासाची योजना आली तेव्हा तिथल्या कोळ्यांना सांगावं लागलं की आम्ही वेगळे, आमचा कोळीवाडा आधीपासूनचा.

हा हट्ट नावापुरता नाही. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत रहिवासी 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. पात्र ठरला तर २२५ चौरस फुटांची खोली मिळायची. त्यासाठी आधी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा हवा होता. पणजोबांपासूनच्या घरात राहणाऱ्याने २००० च्या आधीपासून इथे असल्याचा कागद शोधायचा! शिवाय खोली मिळाली तरी जाळी विणायला अंगण नाही, मासळी वाळवायला किनारा नाही. घर मिळतं, धंदा जातो.

उलट योग्य शब्द कागदावर असेल तर तोच ढाल होतो. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत मुंबईसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या संबंधित दप्तरात जे कोळीवाडे आहेत, त्यांचं मॅपिंग करून त्यांना 'सीआरझेड तीन' म्हणून घोषित करावं, म्हणजे तिथली घरं बांधता, दुरुस्त करता येतील. म्हणजे हक्क जुन्या कागदावरच्या नोंदीवर अवलंबून होता. म्हणूनच २०१५ मध्ये शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा कोळीवाडे आणि गावठाणं त्यात नीट दाखवली नाहीत म्हणून लोक चिडले. बाकीच्याही असंख्य चुका निघाल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द केला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. कोळीवाड्यांच्या हद्दी आखण्याचं घोंगडं त्यानंतरही भिजत राहिलं.

आराखडा म्हणजे इंजिनियरांचं काम, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून आपण तो उघडत नाही. पण त्यात फार गूढ काही नसतं. कोपऱ्यात रंगांची सूची असते, कोणता रंग म्हणजे काय हे सांगणारी. आपली गल्ली शोधा, तिचा रंग बघा, आणि सूचीत तिला काय म्हटलंय ते वाचा. शब्द चुकीचा असेल तर हरकत नोंदवायला कायद्याने मुदत दिलेली असते. ती संपली की त्याच शब्दावर पुढची सगळी कामं निघतात.