थोरोंग ला आणि उलटी प्रदक्षिणा

आजचा भाग नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटचा. नावाप्रमाणेच हा एक मोठा फेरा. बेसिसहरहून मर्स्यांगदी नदीच्या काठाने मनांगला चढायचं, ५,४१६ मीटरवरची थोरोंग ला खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरायचं. आजीला नकाशा दाखवला तर ती म्हणाली, "अरे, ही तर उलटी प्रदक्षिणा!"

खरंच की. डोंगर डाव्या हाताला ठेवून चालायचं. कारण साधं आहे. मनांगच्या बाजूने उंची हळूहळू वाढते, मुक्कामाला गावं मिळतात. मुक्तिनाथकडून आलात तर एका दिवसात सोळाशे मीटर चढायचे, विरळ हवेची सवय व्हायला वेळच नाही.

मी आणि माझा रूममेट मार्चच्या सुरुवातीला गेलो. खिंडीत हिवाळ्याचा बर्फ तसाच होता. पहाटे तो कडक असतो, पाय वर राहतो. ऊन चढलं की भुसभुशीत होतो आणि गुडघ्यापर्यंत रुतायला होतं. शिवाय सकाळ सरली की वारा सुटतो. म्हणून पहाटे चारला निघायचं ठरलं. पण रात्रभर नवा बर्फ पडला. लॉजवाले दाई म्हणाले, आज जाऊ नका, वाट बुजली आहे, उद्याचाही भरवसा नाही. रूममेट म्हणाला, "आठ दिवस चाललोय रे! आता मागे फिरायचं म्हणजे सगळं परत तुडवायचं?"

फेऱ्याची खरी गोम इथेच आहे. जितकं पुढे जाल तितकं परतणं महाग वाटतं.

आता १९५० मध्ये चला. मॉरिस हर्झॉगची फ्रेंच टीम अन्नपूर्णा चढायला आली होती, पण हातातले नकाशे चुकीचे. शिखराच्या पायथ्याशी जायची वाटच सापडेना. मे महिन्यात ते उत्तरेकडून वाट शोधत गोठलेल्या तिलिचो सरोवरापाशी गेले. हर्झॉग तर पार मनांगपर्यंत उतरला. वाट नाही ती नाहीच, वर गावात धड खायलाही मिळालं नाही. तो उपाशीपोटी मागे फिरला. मग दुसऱ्या बाजूने, मिरिस्ती खोलामार्गे वाट काढली आणि ३ जूनला हर्झॉग आणि लुई लाशनाल शिखरावर पोचले. माणसाने सर केलेलं ते पहिलं आठ हजारी शिखर.

पण त्याच दिवशी, चढताना लाशनालला पाय बधिर होताना जाणवत होते. त्याने विचारलं, मी परतलो तर तू काय करशील? हर्झॉग म्हणाला, एकटा जाईन. मग लाशनालही गेला. दोघांच्याही पायांची सगळी बोटं कापावी लागली, हर्झॉगची हातांचीही बहुतेक.

दुसरी तारीख आपल्या आठवणीतली. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचंच उरलेलं बाष्प थोरोंग लावर बर्फ होऊन कोसळलं. वाटेवरच्या लोकांपर्यंत इशारा वेळेत पोचलाच नाही. कितीतरी जण खिंड ओलांडून मुक्तिनाथकडे उतरताना अडकले. बर्फाचं वादळ आणि हिमस्खलन मिळून त्या भागात किमान ४३ जण गेले. त्यात ट्रेकर होते, गाइड होते, पोर्टर होते.

आम्ही कोड लिहिणारे लोक हे रोज बघतो. चुकीच्या डिझाइनवर सहा महिने घातले की ते फेकवत नाही. फरक इतकाच की तिथे फक्त डेडलाइन जाते.

आम्ही परतलो. रूममेट मनांगपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आजीला मुक्तिनाथचं तीर्थ आणून द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून फोन करताना जरा ओशाळलो होतो. ती म्हणाली, "देव कुठे पळून जातोय? तू ये आधी."

तुम्ही कधी असे अर्ध्यातून परतला आहात का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!