चार पायांचा तोल

१८२१ साली चित्रकार जेरिकोने एप्समच्या डर्बीचे चित्र रंगवले. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत आडवे झाले आहेत. चित्रकार भरधाव घोडा बहुधा असाच काढत. जून १८७८मध्ये कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला, लीलंड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीलगत १२ कॅमेरे ओळीने लावले आणि वाटेत दोरे ताणले. घोडी दोऱ्याला अडली की त्या कॅमेऱ्याचे शटर पडायचे. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढच्याच वर्षी मायब्रिजने झूप्रॅक्सिस्कोप तयार करून अशी चाल पडद्यावर हलती दाखवली. चार पायांच्या ॲनिमेशनची आणि चार पायांच्या यंत्राची वंशावळ मी एकच मानतो, ती या धावपट्टीमुळे.

१८७८मध्येच पॅरिसच्या प्रदर्शनात रशियन गणिती चेबिशेव्हचे चालते यंत्र मांडलेले होते. गोल फिरणाऱ्या दांडीतून पाऊल जवळजवळ सरळ रेषेत सरकवायची त्याची जुळणी सुंदर होती. पण जमीन सपाट असेल तरच! खड्डा ओळखायची सोय त्यात नव्हती.

१९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या राल्फ मोशरने त्यावर उपाय म्हणून चौपायी यंत्रात माणूसच बसवला. सुमारे १,४०० किलोच्या त्या धुडाचे पुढचे पाय चालकाच्या हातांनी आणि मागचे त्याच्या पायांनी हलत. तोल राखायचा तो चालकाने, आणि चालक लवकर थकून जाई. १९६६मध्ये मॅकगी आणि फ्रँक या संशोधकांच्या ‘फोनी पोनी’ या चौपायी यंत्राने पाय हलवायचे काम इलेक्ट्रॉनिक तर्कमंडलांकडे दिले. एका वेळी एकच पाय उचलायचा आणि वजनाचा मध्य उरलेल्या तीन पायांच्या त्रिकोणात ठेवायचा, हा सावकाश रांगण्याचा नियम. तिपाई पडत नाही, तसेच हे. मात्र तिपाई धावतही नाही.

पडद्यावर तेव्हा हाताचेच राज्य होते. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली अजस्र चौपायी यंत्रे फिल टिपेट आणि सहकाऱ्यांनी हत्तीची चाल अभ्यासून, एकेक फ्रेम हलवून चालवली. ते काम मला आजही थोर वाटते, कारण त्या बाहुल्यांना स्वतःचे वजन असे जाणवतच नव्हते. ते सगळे कलावंताच्या डोळ्यात होते.

खरे वळण आले ते मार्क रेबर्टमुळे. १९८०च्या सुमारास त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाच पायाचे यंत्र करायला घेतले. एक पाय म्हटल्यावर स्थिर उभे राहण्याचा प्रश्नच मिटला. उड्या मारत राहिले तरच तोल. उडीची उंची, धडाचा कल आणि पाऊल टाकायची जागा, एवढ्या तीनच गोष्टी त्यांनी सांभाळल्या. त्यातली तिसरी नीट पाहण्याजोगी आहे. पाऊल जमिनीवर असेल तेवढ्या वेळात धड किती पुढे जाईल ते काढायचे आणि त्याच्या निम्म्या अंतरावर, धडाच्या पुढे, पाऊल टेकवायचे. मग वेग तसाच राहतो. त्याहून पुढे टेकवले तर वेग मंदावतो, अलीकडे टेकवले तर वाढतो. धक्का बसला तर वेग बदलतो, म्हणून पुढच्या पावलाची जागाही बदलते. सावरण्यासाठी निराळा नियम लागत नाही. चार पायांसाठी त्यांनी हेच वापरले. दुडक्या चालीत कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात, ती जोडी म्हणजे एकच पाय असे धरले.

१९९१मध्ये रेबर्ट आणि जेसिका हॉजिन्स यांनी याच नियंत्रणाने संगणकातला चार पायांचा रोबो आणि कांगारू चालवून दाखवले. चाल कुणी रेखाटली नव्हती. ती तोलातून आपोआप आली होती. पुढच्या वर्षी रेबर्टनी बोस्टन डायनॅमिक्स काढली. तिचा ‘बिगडॉग’ २००८च्या चित्रफितीत बाजूने लाथ खातो, चारी पाय फेंगडतात, दोन-चार पावले धडपडतात आणि तो पुन्हा चालू लागतो. ती धडपड पाहताना अंगावर काटा येतो, कारण ती जनावराची आहे.

आता प्रवाह उलटाही, संगणकातून खऱ्या यंत्राकडे, वाहतो. २०१९मध्ये झुरिकच्या संशोधकांचा ‘एनीमल’ हा चौपायी रोबो आधी संगणकातल्या आभासी जगात चालायला आणि पडल्यावर उठायला शिकला आणि मग त्याने ते खऱ्या जमिनीवर करून दाखवले. २०२०मध्ये खऱ्या कुत्र्याच्या नोंदवलेल्या हालचाली ‘लायकागो’ या रोबोला शिकवल्या गेल्या. मायब्रिजचीच पद्धत, फक्त छायाचित्रांऐवजी सांध्यांचे कोन.

तेव्हा संगणकावर चार पायांचा रोबो चालवायला बसाल, तर पायांपासून सुरुवात करू नका. आधी धडाचा वेग आणि वजनाचा मध्य ठरवा, पाऊल कुठे पडेल ते त्यावरून काढा, आणि चालत्या रोबोला एकदा बाजूने ढकलून पाहा.