‘गुरुजी’, ‘सर’ आणि ‘मामा’: नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील कृतज्ञतेचा इतिहास

चांगला शिक्षक कोण, याचा निवाडा सरकार करते, संस्था करते आणि विद्यार्थीही करतात. सरकार आणि संस्था पुरस्कार जाहीर करून मोकळ्या होतात. विद्यार्थ्यांचा निवाडा मात्र संबोधनात, निरोप समारंभातील भाषणात, मानपत्रात, वार्षिकांकातील लेखात आणि पंचवीस-तीस वर्षांनी भरणाऱ्या स्नेहमेळाव्यात उतरतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत महाविद्यालये उशिरा आली आणि शिकणाऱ्यांतील बहुसंख्य मुले घरातील पहिली पदवीधर होती. त्यामुळे शिकवणाऱ्याचे आणि कचेरीत अर्ज भरून देणाऱ्याचे ऋण येथे फार जवळून जाणवले.

या परंपरेचे मूळ निजामी राजवटीत आहे. हैदराबाद संस्थानात १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांना मातृभाषेत शिकण्यासाठी थोड्याच खाजगी शाळांचा आधार होता. १९१७ मध्ये निघालेली अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा आणि १९२१ मधील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या त्यांपैकी महत्त्वाच्या. व्यंकटेश भवानराव खेडगीकर १९२९ मध्ये हिप्परग्याला शिक्षक म्हणून आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ पासून त्यांनी अंबाजोगाईला काम केले आणि १९३८ मध्ये ते हैदराबादच्या राजकीय लढ्यात उतरले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तरुणांपैकी अनेकजण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात सामील झाले. त्या काळात शिक्षकाला शाल-श्रीफळ देण्याचा प्रघात गौण होता. त्याने दाखवलेल्या वाटेने चालणे, प्रसंगी तुरुंगात जाणे, हाच विद्यार्थ्यांनी केलेला गौरव होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच्या उभारणीत स्वामीजींचा पुढाकार होता. सुरुवातीला हे महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत लातूरला दयानंद महाविद्यालय (१९६१), उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय (१९६२), नांदेडला यशवंत महाविद्यालय (१९६३) आणि लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) निघाले. खेड्यातून आलेल्या मुलाला गाव सोडून राहण्याची सवय नसे, वाचायला पुस्तके नसत आणि फीचे पैसे जुळवणे कठीण जाई. खोली मिळवून देणारा, स्वतःची पुस्तके वाचायला देणारा, फीसाठी मुदत मागून घेणारा प्राध्यापक त्याच्या आयुष्यात वडीलधाऱ्याच्या जागी येई.

या पिढीतील सर्वांत ठळक नाव नरहर कुरुंदकर यांचे. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे जन्मलेल्या कुरुंदकरांना इंटरमिजिएटच्या परीक्षेत वारंवार अपयश आले. पण त्यांचे वाचन अफाट होते. १९५५ पासून त्यांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवले, १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि १९७७ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. साहित्य, इतिहास, राज्यघटना आणि संगीत हे सारे त्यांच्या व्याख्यानांचे विषय होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. प्राचार्यपद मिळाल्यावरही नांदेडकर त्यांना ‘कुरुंदकर गुरुजी’ म्हणत. महाविद्यालयात प्राध्यापकाला ‘सर’ म्हणण्याची रीत रुळलेली असताना शाळामास्तराचे हे संबोधन टिकले. ते कोणत्याही समितीने दिलेले नव्हते आणि निवृत्तीने संपणारेही नव्हते. नांदेडमधील नरहर कुरुंदकर प्रतिष्ठान आज त्यांच्या विचारांचा वारसा पुढे नेते.

महाविद्यालये स्थिरावली तसे गौरवाचे ठरीव प्रकार तयार झाले. १९६२ पासून डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिन, ५ सप्टेंबर, शिक्षक दिन म्हणून साजरा होऊ लागला. आषाढातील गुरुपौर्णिमा त्याआधीपासून होतीच. अंतिम वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ हा तिसरा प्रसंग. त्यात मुले वर्गणी काढून विभागाला घड्याळ, प्रतिमा किंवा पुस्तके भेट देतात आणि एकेका शिक्षकाविषयी बोलतात. निवृत्तीच्या वेळी सेवागौरव समारंभ होतो. फेटा, शाल आणि श्रीफळ यांच्याबरोबर मानपत्राचे वाचन होते. चौकटीत बसवलेले हे मानपत्र बहुधा एखाद्या माजी विद्यार्थ्यानेच लिहिलेले असते. मोठ्या व्यासंगाच्या प्राध्यापकासाठी गौरवग्रंथ निघतो. त्याच्या पूर्वार्धात आठवणी आणि उत्तरार्धात विद्यार्थ्यांचे अभ्यासलेख, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. गौरवग्रंथ ही विद्यार्थ्यांकडून मिळणारी सर्वांत मोलाची पावती, कारण गुरूने लावलेली अभ्यासाची शिस्त त्यात शिष्यांच्या लेखांतून दिसते.

लातूरने या परंपरेत एक वेगळा धागा घातला. १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला आणि त्याच दशकात परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ आकाराला येऊ लागला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. अभ्यासक्रम वेळेआधी संपवणे, सुटीत जादा तास घेणे, सराव परीक्षा पुन्हापुन्हा घेणे आणि उत्तरपत्रिका तपासून चुका समोर बसवून दाखवणे, ही त्याची कार्यपद्धती होती. ती प्राध्यापकांच्या जादा श्रमांवर उभी होती. निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होत. त्यांत मान विद्यार्थ्याचा असला, तरी तो बोलायला उभा राहिला की विषयवार शिक्षकांची नावे घेई. लातूरमध्ये शिक्षकाची कीर्ती अशी मुलांच्या तोंडून जिल्ह्याबाहेर गेली. तिचे मोजमाप गुणांनी होऊ लागले, हे मात्र तिचे उणेपण. न शिकलेल्या घरातील मुलाला पास होण्यापर्यंत आणणारा शिक्षक त्या मोजमापात मागे राहिला.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा इतिहास याहून अबोल आहे. लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, शिपाई, माळी, पहारेकरी आणि सफाई कामगार यांच्याशिवाय महाविद्यालयाचा एक दिवसही निभत नाही. परीक्षेचा अर्ज, बोनाफाईड, टी.सी. आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म यांसाठी विद्यार्थी आधी यांच्याकडेच जातो. घरात कोणी फॉर्म भरलेला नसतो. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, जातीच्या प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, हे खिडकीपलीकडचा लिपिक सांगतो. त्याने वेळीच सांगितले नाही तर वर्षाची शिष्यवृत्ती बुडते आणि कधी शिक्षणही सुटते. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज ऑनलाइन झाल्यानंतरही त्रुटी दुरुस्त करून घेण्यासाठी मुले त्याच खिडकीवर येतात. शिपायाला ‘मामा’ आणि सफाईचे काम करणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणण्याची या भागातील रीत हीच विद्यार्थ्यांनी त्यांना दिलेली पहिली ओळख. ती आपुलकीची आहे, पण तिच्यात माणसाचे नाव हरवते. अनेक माजी विद्यार्थ्यांना मामा आठवतात, त्यांचे आडनाव आठवत नाही.

या कामाची जाण देणारा एक सुंदर प्रघात शाळांतून आला. शिक्षक दिनी होणाऱ्या स्वयंशासन दिनात मुले मुख्याध्यापक आणि शिक्षक होतात, तशीच लिपिक आणि शिपाईही होतात. घंटा वेळेवर देणे आणि नोटीस वर्गावर्गांत फिरवणे हे त्या दिवशी मुलांच्या अंगावर पडते. मराठवाड्यात अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असल्याने हा दिवस महाविद्यालयांच्या आवारातही साजरा होतो. शिपायाचे काम हेही शिक्षणसंस्थेतील जबाबदारीचे काम आहे, हे त्यातून न सांगता कळते.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. हिप्परग्याच्या एका शिक्षकाचे नाव अशा रीतीने नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या भागातील त्या विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रांवर आले. पहिले कुलगुरू म्हणून लातूरच्या जनार्दन वाघमारे यांची नेमणूक झाली. विद्यापीठाचा मुख्य परिसर विष्णुपुरीला आहे आणि लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. वर्धापनदिनी विद्यापीठ उत्कृष्ट शिक्षकांबरोबर उत्कृष्ट शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही गौरव करते. कर्मचारी आणि प्राध्यापक एकाच मंचावर येतात, हे या पुरस्कारांचे मोठे मोल. देशपातळीवर मात्र उच्च शिक्षणातील प्राध्यापकांचा गौरवही फार उशिरा सुरू झाला. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून शालेय शिक्षकांना मिळत आले. उच्च शिक्षणातील अध्यापकांचा त्यांत समावेश २०२३ मध्ये झाला.

विद्यार्थ्यांचे मत अधिकृतपणे विचारण्याची पद्धत मूल्यांकनातून आली. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, हीदेखील १९९४ मध्येच स्थापन झाली. तिच्यामुळे महाविद्यालयांत अभिप्रायाचे फॉर्म आले आणि २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. शिक्षक तयारीने येतात का, अंतर्गत गुणदान न्याय्य आहे का, अशा प्रश्नांना मुले श्रेणी देतात. प्रश्नांचा भर अध्यापनावर असतो, त्यामुळे खिडकीवरचा लिपिक आणि प्रयोगशाळेतील सहायक त्यात क्वचितच येतात. शिवाय उत्तर निनावी असते आणि त्याचे अखेर सरासरीत रूपांतर होते. त्यातून संस्थेला गुण मिळतात; पण एखाद्या शिक्षकाने नेमके काय केले म्हणून मुले त्याला मानतात, हे कळत नाही.

इतरत्र ही उणीव विद्यार्थी संघटनांनी भरून काढली. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने २००८-०९ च्या सुमारास स्वतःचे अध्यापन पुरस्कार सुरू केले आणि ही पद्धत ब्रिटनभर पसरली. तेथे विद्यार्थी नाव सुचवतात, कारण लिहितात आणि निवडही विद्यार्थ्यांचे मंडळच करते. सहायक कर्मचाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार असतो. महाराष्ट्रात असे काही उभे न राहण्यामागे एक ठोस कारण आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका बंद केल्या आणि प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण त्या प्रत्यक्षात येणे लांबत गेले. विद्यार्थ्यांच्या वतीने पुरस्कार देईल अशी त्यांची स्वतःची, सर्वांनी निवडलेली संघटनाच नसल्याने हा गौरव वर्गापुरता आणि बॅचपुरता राहिला.

आता हा गौरव माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून पुन्हा दिसू लागला आहे. मोबाइलवरील गटांमुळे विखुरलेल्या बॅच एकत्र येतात, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जुन्या वर्गात जमतात आणि हयात शिक्षकांचा सत्कार करतात. निवृत्त शिपाई, ग्रंथालयातील मामा आणि लिपिक यांनाही बोलावून पहिल्या रांगेत बसवण्याची रीत वाढते आहे. सत्तरहून अधिक वर्षांच्या या इतिहासातील हा सर्वांत समाधान देणारा बदल आहे.

या परंपरेची साधने मात्र नाशवंत आहेत. मानपत्रे घराच्या भिंतींवर पिवळी पडतात, वार्षिकांक रद्दीत जातात आणि निरोपाची भाषणे हवेत विरतात. पीपल्स कॉलेजपासून लातूर उपकेंद्रापर्यंत प्रत्येक ग्रंथालयाने ती गोळा करून जपली पाहिजेत. मेळाव्यात ‘मामा’ म्हणून हाक मारलेल्या माणसाचे संपूर्ण नाव, काम आणि सेवेची वर्षे त्याच दिवशी नोंदवून ठेवली, तर या इतिहासाचे आजवर कोरे राहिलेले पान भरून निघेल.